वजन उतरवू नका, जोडीदार शोधा

ताई, तुमचा भाचा सतरा वर्षांचा, सहा फूट एक इंच, ९७ किलो. बॉक्सिंगचे कोच म्हणतात तीन महिन्यांत ९०च्या आत आण. ऐकावं का, आणि एवढ्या जड मुलाला देशाकडून खेळायला वाव आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरकडून हेवीवेट खेळलोय, नंतर बरीच वर्षं मुलांना ठोसे मारायला हातात पॅड धरलेत. त्यावरून सांगतो.

वजन उतरवू नका. या वयात अंग अजून भरतंय. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आताच्या नियमांत पुरुषांचे शेवटचे दोन गट म्हणजे ९० किलोपर्यंत आणि ९०च्या वर. पोराला वरच्या गटातच वाढू द्या.

वाव आहेच. भिवानीचे हवासिंग १९६६ आणि १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण घेऊन आले, १९८२ ला दिल्लीत कौरसिंगनी घेतलं. २०२१ मध्ये दुबईच्या आशियाई स्पर्धेत संजीतने तेव्हाच्या ९१ किलो गटाच्या फायनलला कझाकस्तानच्या लेविटला हरवलं, रिओ ऑलिंपिकचं रौप्य मिळवलेल्या लेविटला! आणि सतीशकुमार. ९१च्या वरच्या गटात ऑलिंपिकला गेलेला तो पहिला भारतीय. टोकियोत पहिली लढत जिंकताना चेहरा फाटला, १३ टाके पडले. तरी क्वार्टर फायनलला उझबेकिस्तानच्या जालोलोवसमोर उभा राहिला. उपांत्य फेरी गाठली असती तर कांस्य पक्कं होतं, पण ०-५ ने हरला. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जालोलोवच्या लांब हातांपुढे पोचतच नव्हता. ती लढत भाच्याला पुन्हा पुन्हा दाखवा.

यातले हवासिंग, कौरसिंग, सतीश तिघेही फौजेतले, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. फौजेत ९५-१०० किलोची मुलं एकमेकांशी रोज स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करू शकतात. आपल्याकडे जड मुलाला जोडच मिळत नाही. मी ७५ किलोच्या मित्रासोबत सराव करायचो. त्याला लागू नये म्हणून हात आवरायचो, आणि त्याचे ठोसे मला जाणवत नसत, म्हणून डावा हात गालापासून खाली यायचा. राज्याच्या स्पर्धेत आम्ही दोघंच होतो, एक लढत आणि मेडल गळ्यात. घरी केवढं कौतुक झालं! नॅशनलला समोर फौजी मुलगा आला. घंटा झाली, त्याचा दुसराच जॅब नाकावर बसला, तिसऱ्याला गुडघा टेकला. पहिला राउंडही पुरा झाला नाही. माझी ताकद कमी नव्हती हो, पण तेवढ्या वजनाचा ठोसा मी त्याआधी कधी खाल्लाच नव्हता.

म्हणून जिल्ह्याच्या मेडलवर जाऊ नका, वरच्या वजनात तिथे दोन-तीनच नावं असतात. कोचना एवढंच विचारा, की याच्या वजनाचा जोडीदार आठवड्यातून किती दिवस मिळेल. महू जवळच आहे, छावणीत कोणी जड बॉक्सर बदलून आलाय का बघा. पण हेडगार्ड, १६ औंसचे ग्लोव्ह आणि कोच समोर, त्याशिवाय स्पारिंग नको. नाहीच मिळालं तर एखाद्या रविवारी त्याला माझ्याकडे पाठवा. पॅडवर हात बघतो आणि डावा खाली येतोय का ते सांगतो.