कर्ज डोक्यावर असताना दशमांश द्यायचा का?

चर्चमधली जोडपी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवात कशानेही होते, नवराबायकोच्या अबोल्याने, मुलाच्या दहावीने, सासूच्या दुखण्याने, पण दोनतीन भेटी झाल्या की एक प्रश्न हमखास येतो, दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा त्याचा. "ताई, एवढं कर्ज झालंय, तरी दशमांश द्यायलाच पाहिजे ना? नाही दिला तर देवाचं लुबाडलं असं होतं ना?" माणसं वेगळी, पगार वेगळे, पण विचारताना आवाज सगळ्यांचाच खाली जातो. कित्येकांनी हे पाळकांना विचारायची हिंमत केलेली नसते, घरात तर नाहीच नाही. दशमांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं असं सांगणारा बायबलमधला मलाखीचा तिसरा अध्याय पाठ असतो आणि बँकेचा मेसेज आला की पोटात गोळा येतो, आणि दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात रात्री दोन वाजता चालू असतात.

म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. खरं म्हणजे ती बऱ्याच घरांची मिळून एक आहे, नावं, आकडे, तपशील सगळे बदललेत, त्यामुळे कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका, आणि आपलीच वाटली तर नवल नाही.

विजय चाकणला एका कंपनीत, शीला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स. दोघं नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. दोघांचं मिळून साठेक हजार यायचं. घराचा हप्ता साडेएकोणीस हजार. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून विजय घरात बोलायचाच बंद झाला होता, आणि शीलाला वाटत होतं की त्याचं बाहेर काहीतरी चालू आहे.

माझी एक पद्धत आहे, आणि त्यावर माझा भरवसा बसलाय तो अनुभवाने. पैशाची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी सल्ला देत नाही, कोरा कागद देते आणि सांगते, कोणाचं किती देणं आहे, व्याज काय, कधी संपणार, सगळं लिहा, मित्राकडून घेतलेले पाच हजार आणि भिशीचा थकलेला हप्तासुद्धा. माणूस तोंडाने खूप काही लपवू शकतो, पण कागदावर लिहिताना हात अडतो, आणि तो कुठे अडतो ते बघणं हेच माझं काम.

विजयचा हात क्रेडिट कार्डापाशी अडला. मग हळूहळू उतरलं, कार्डावर एक लाख चाळीस हजार आणि शीलाच्या पाटल्यांवर गोल्ड लोन.

"माझ्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत," शीला म्हणाली.

विजय काही बोलला नाही.

त्या भेटीत पुढे काही झालं नाही, होणारही नव्हतं. शीला दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही, पण पुढच्या भेटीला मात्र दोघं आले, याला मी फार मानते. जे जोडपं कागद बघूनही परत येतं त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

दुसऱ्यांदा आले तेव्हा कार्डाचं स्टेटमेंट सोबत होतं. विजय म्हणाला, मी दर महिन्याला सात हजार भरतोय, तरी रक्कम हलतच नाही. मी त्यालाच हिशोब करायला लावला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे एक लाख चाळीस हजारांवर चार हजार नऊशे, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आठशे ब्याऐंशी. सात हजारातून मूळ रकमेत गेले फक्त बाराशे अठरा. स्टेटमेंटवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त मिनिमम रक्कम भरत राहिलात तर फेडायला वर्षानुवर्षं लागतील, पण ते कोण वाचतं. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात कर्ज घेणारा हा कर्ज देणाऱ्याचा गुलाम असतो असं म्हटलंय, विजयला ते तोंडपाठ होतं, आकड्यात मात्र त्याने ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मग मी घरखर्चाचा कागद पुढे घेतला. किराणा, शाळेची फी, पेट्रोल, गावी आईला औषधांचे तीन हजार, ते गेले पाच महिने गेलेच नव्हते, आणि दशमांश सहा हजार, तो एकदाही चुकलेला नव्हता.

मी विचारलं, "पगार वीस तारखेला संपतो म्हणता, मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाकिटात सहा हजार येतात कुठून?"

बराच वेळ गेला. "कार्डावर कॅश काढतो."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कार्डावर सामान घेतलं आणि दर वेळी पूर्ण बिल वेळेत भरलं तर व्याज लागत नाही, पण कॅश काढली की फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू. म्हणजे देवाला म्हणून दिलेल्या सहा हजारांवर बँक त्याच दिवसापासून व्याज घेत होती.

शीला एवढंच म्हणाली, "ना. वा. टिळकांच्या दानशूरपणाचं सगळे कौतुक करतात, पण घरात चूल कशी पेटायची ते लक्ष्मीबाईंना बघायला लागायचं." मला वाटतं आमच्या कितीतरी चर्चमधल्या बायकांच्या मनातलं ती बोलली.

मी विजयला विचारलं, "दिलं नाहीत तर काय होईल असं वाटतं?" याचं उत्तर मात्र मला वचनातून नको होतं, त्याच्या पोटातून हवं होतं. तो लगेच मलाखीवर गेला. मी म्हणलं, ते मला माहितीये, तुमचं सांगा, पहिल्यांदा कधी भीती वाटली? तेव्हा त्याने सांगितलं की तो दहा वर्षांचा असताना दुष्काळात वडिलांनी वर्षभर चर्चला काही दिलं नव्हतं, त्याच वर्षी वडिलांना पक्षाघात झाला, आणि बघायला आलेल्या कोणीतरी अंगणात म्हटलं, देवाचं अडवलं की असंच होतं. मुलगा दाराआड उभा होता.

शीलाने हे कधीच ऐकलं नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला चर्चमध्ये मोठेपणा पाहिजे. तुम्ही घाबरलेले होता होय." आणि विजय रडला, चांगला मोठ्याने रडला. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पाणीसुद्धा लगेच पुढे करू नये असं माझं मत आहे, रडणाऱ्याला थांबायची घाई होते.

माझी सगळी कामाची भूमिका या एका गोष्टीवर उभी आहे, लहानपणी बसलेली भीती मोठेपणी पैशाच्या रूपात घर चालवते, आणि ती भक्तीचे कपडे घालून आली की ओळखायला सगळ्यात अवघड जाते. विजय देवाला देत नव्हता, तो अंगणातल्या त्या माणसाला दर महिन्याला सहा हजार भरत होता.

पण नुसतं भीती ओळखून भागत नाही, विश्वासणाऱ्या माणसाला शास्त्रातूनच उत्तर लागतं, आणि ते मिळायलाही पाहिजे. मी त्याला बायबलमधल्या दुसरे राजे या पुस्तकाचा चौथा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितला. संदेष्ट्यांच्या मंडळातल्या एकाची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते, सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलाय, घरात फक्त थोडं तेल. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणते, सगळी भरतात. विजयने ही गोष्ट संडेस्कूलपासून ऐकलेली, वाचत गेला, आणि सातव्या वचनापाशी आवाज अडखळला. तिथे अलीशा तिला सांगतो की तेल वीक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा.

"परत वाचू का?" म्हणाला. वाचलं. मग म्हणाला, "संदेष्ट्याने स्वतःसाठी काही मागितलंच नाही."

हेच ते. चमत्कारावर आपण शंभर उपदेश ऐकतो, पण त्या तेलाचे पैसे सगळ्यात आधी सावकाराकडे गेले यावर एकही आठवत नाही. देवाने दिलेल्या पैशातून कर्ज फेडणं हे देवाच्याच शब्दावरून केलेलं काम आहे, ते दशमांशाच्या आड येणारं पाप नाही.

पुढचं मी दोघांना सांगितलं ते इथेही सांगते. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दशमांश आहे तो शेतात पिकलं त्यातला, सावकाराकडून आणलेल्या धान्यातला नव्हे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा तो लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारे, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी. पौलाने करिंथकरांना टक्केवारी लिहिली नाही, जवळ आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही, हे मात्र लिहिलं, करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय, बारावं वचन. मलाखी तीनमध्ये दहाव्या वचनावर सगळे थांबतात, पण त्याच अध्यायातलं पाचवं वचन मजुराची मजुरी अडवणाऱ्यावर आणि विधवा, अनाथांना छळणाऱ्यावर आहे, आपल्या मोलकरणीचा पगार थकवून पाकीट भरणाऱ्याने ते आधी वाचावं. आणि मार्क सातमध्ये येशू सगळ्यात कडक बोलतो ते आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणणाऱ्यांना. विजयच्या आईची औषधं पाच महिने गेली नव्हती ती याच नावाखाली. ते मी स्पष्ट बोलले, त्याला लागलं, लागायलाच पाहिजे होतं.

आता यावर काही पाळक नाराज होतात, कर्जाचं निमित्त सांगून लोक द्यायचंच सोडतील म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही, मी स्वतः बघितलेत असे लोक, वीस वर्षांचं होम लोन आहे म्हणून देवाला काही नाही आणि दर दोन वर्षांनी नवीन फोन. म्हणून मी कोणालाच देणं बंद करा म्हणत नाही. पगारात बसणारा घराचा हप्ता वेगळा आणि कार्डाचं चाळीस टक्क्यांच्या आसपास जाणारं व्याज वेगळं. उसने आणून देऊ नका, आहे त्यातून द्या, आणि आधी आपली चैन कापा, मग अर्पणाला हात लावा. मिझोराममधल्या बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातलाच मूठभर बाजूला काढतात, ते तांदूळ चर्च जमा करून विकतं, १९१० च्या आसपास सुरू झालेली ही पद्धत अजून चालू आहे आणि त्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. ती मूठ घरात शिजणाऱ्या तांदळातली असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विजय आणि शीलाने काय केलं ते थोडक्यात. कंपनीच्या कामगार पतसंस्थेतून बारा टक्क्यांनी कर्ज घेऊन कार्ड एकदम बंद केलं, जिथे महिन्याला चार हजार नऊशे व्याज जात होतं तिथे सुरुवातीला चौदाशे जायला लागलं. कार्ड शीलाने कात्रीने कापलं. आईचे तीन हजार परत सुरू झाले. अर्पण दोघांनी बसून पंधराशे ठरवलं, घरात दोघांना माहीत असलेलं, आणि वर्षभराने पुन्हा बसून बघायचं. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. शीलाने एकच अट घातली, यापुढे कुठल्याही कागदावर सही करायची तर तिने आधी वाचलेला पाहिजे, जामीन राहायचं असेल तरी. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीनकीतून हरणासारखी सुटका करून घे म्हटलंय, आणि आमच्या लोकांमध्ये भाऊबंदाला जामीन राहून बुडालेली घरं मी खूप बघितलीत.

विजयला सगळ्यात जड गेलं ते पाळकांना सांगणं. मी त्याच्याऐवजी फोन करायला नकार दिला, ते त्यानेच करायला पाहिजे होतं. तो गेला, आणि पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्रार्थना केली, आणि त्या वर्षी कापणीच्या सणाला अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव झाल्यावर कोणी कितीला काय घेतलं ते माइकवरून वाचायचं बंद केलं. हे त्यांनी आपणहून केलं. इतर मंडळ्यांनीही करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका नारळाला चार हजारांची बोली लावणारा माणूस कधीकधी त्या चार हजारांसाठी सोमवारी लोन ॲप उघडतो. बोलीला जायच्या आधी नवराबायकोने घरी आकडा ठरवून जावा, आणि त्याच्यापुढे शेजारच्याने कितीही ताणलं तरी हात खाली. आणि हजार रुपयांचं बी पेरा, लाख कापाल असं स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवून सांगणाऱ्यांना तर एक रुपयासुद्धा पाठवू नका, शास्त्रात असा व्यवहार कुठेही नाही.

उरलेलं साधं आहे पण लोक करत नाहीत. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला, तुम्ही निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढं बाजूला ठेवा, म्हणजे दवाखाना लागला की कार्ड लागणार नाही. ते बँकेत ठेवा, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, जास्त व्याजाच्या मोहात सगळंच तिकडे नेऊ नका. कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स काढा, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी तीमथ्याच्या पहिल्या पत्रात काय लिहिलंय ते पाचव्या अध्यायात बघा. महिन्यातून एक संध्याकाळ दोघांनी वही घेऊन बसा, टीव्ही बंद, आधी प्रार्थना, मग आकडे, आणि त्या संध्याकाळी जुनी भांडणं काढायची नाहीत.

हा प्रश्न घेऊन ज्यांना माझ्याकडे किंवा दुसऱ्या कोणा समुपदेशकाकडे जायचंय त्यांनी कार्डाची स्टेटमेंटं, लोनचे कागद, सोनं गहाण असेल तर त्याची पावती, असं सगळं सोबत न्या. आणि शक्यतो दोघं जा. एकटंच जायची वेळ आली तरी जा, विजयच्याही आधी शीला एकटीच आली होती.