वाचकांचे प्रश्न : ‘मिस इंडिया महाराष्ट्र’ नेमकी निवडतात कशी?

फेमिना मिस इंडियाच्या राज्यवार निवडीबद्दल मुलींनी आणि पालकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत. अटी दर वर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे नियमपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा.

टीव्हीवर एकदम सगळ्या राज्यांच्या मुली पट्टे घालून उभ्या दिसतात. महाराष्ट्राची मुलगी कोण ठरवतं आणि कुठे? – एक वाचक, नाशिक

ही स्पर्धा १९६४ पासून ‘फेमिना’ या महिलांच्या नियतकालिकाच्या नावाने होते आणि टाइम्स समूह ती चालवतो. दर राज्याची एक प्रतिनिधी ही पद्धत मात्र २०१७ पासूनची. त्याआधी शहराशहरांतल्या ऑडिशनमधून मुली घेत असत.

सुरुवात ऑनलाइन अर्जाने होते. त्यात वय, उंची, मापे, शिक्षण, छायाचित्रे आणि ओळखीचा व्हिडिओ मागतात. इथेच सर्वांत मोठी गळती होते आणि ती कुणाला दिसत नाही. छाननीत टिकलेल्या मुलींना ऑडिशनला बोलावतात. तिथे आधी कागदपत्रे, मग भिंतीशी उभे करून उंची, मग नंबराचा बिल्ला. त्यानंतर परीक्षकांसमोर चालणे, ओळख आणि एक-दोन प्रश्न. हे सगळे मिळून काही मिनिटांचेच काम. विभागीय फेऱ्या प्रत्यक्ष होत होत्या तेव्हा प्रत्येक राज्यातून तिघी निवडल्या जात आणि त्यांतली एक विभागीय कार्यक्रमात राज्याची विजेती ठरे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात ही राज्ये पश्चिम विभागात येतात.

२०२० च्या पर्वात कोविडमुळे ऑडिशन ‘रोपोसो’ या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर झाल्या, २०२२ मध्ये ‘मोज’ हे तसेच ॲप होते. तेव्हापासून अर्जासोबतच्या व्हिडिओचे वजन फार वाढले आहे.

राज्यविजेत्या मग मुक्कामी प्रशिक्षणाला एकत्र येतात. चालणे, बोलणे, फिटनेस, छायाचित्रण यांच्या उपस्पर्धा आणि बंद खोलीतल्या मुलाखती तिथे होतात. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात तीसच्या आसपास मुलींना बोलायला वेळ देणे शक्यच नसते. मंचावर पहिली चाळणी जाहीर होते ती बरीचशी याच दिवसांतल्या कामगिरीवर. म्हणून मुलींना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की झगमगाटातल्या रात्रीची तयारी नंतर करा, आधी अर्ज आणि मुलाखत पक्की करा.

आणखी एक वाट कॉलेजातून जाते. ‘कॅम्पस प्रिन्सेस’ या महाविद्यालयीन स्पर्धेतून पुढच्या फेऱ्यांसाठी मुली घेतल्या जात. २०१७ ची मिस इंडिया आणि पुढे मिस वर्ल्ड झालेली मानुषी छिल्लर आधी याच स्पर्धेत उतरली होती. तेव्हा ती वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती.

माझी उंची ५.३ आहे. चालेल ना? – एक विद्यार्थिनी, सातारा

५.३ म्हणजे काय, ते आधी नक्की करा. ५ फूट ३ इंच म्हणजे १६० सेंटिमीटर, पण दशांशात ५.३ फूट म्हणजे साधारण १६१.५ सेंटिमीटर. अर्जात सेंटिमीटरच लिहावेत. किमान उंची पूर्वी ५ फूट ५ इंच होती, २०२० च्या पर्वापासून ती ५ फूट ३ इंचांवर आली. ही उंची अनवाणी मोजतात.

मोजताना टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा आणि डोक्यावर कडक पुठ्ठा आडवा धरून खूण करा. केस वर बांधलेले नकोत. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते. ऑडिशनच्या रांगेत दुपार उलटतेच, त्यामुळे संध्याकाळचे माप खरे धरा. संध्याकाळी १५९ भरत असेल तर १६० लिहून प्रवासखर्च करू नका. नोंदणीच्या टेबलावरूनच परत पाठवतात आणि खोटे माप दिले अशी नोंद होते ती वेगळीच.

आई मडगावची, वडील कोल्हापूरचे, आम्ही ठाण्यात राहतो. गोव्यातून अर्ज केला तर सोपं जाईल का? – एक वाचक, ठाणे

राहते राज्य किंवा आई-वडिलांचे मूळ राज्य, यांपैकी एक निवडता येते. २०२२ ची विजेती सिनी शेट्टी मुंबईत जन्मलेली, पण ती कर्नाटकाकडून उतरली होती. मुंबईत देशभरातल्या मॉडेल राहतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या रांगेत गर्दी जास्त असते हे खरे आहे.

पण ‘सोपे’ म्हणून गोवा निवडू नका. मुलाखतीत गोव्याचा विषय निघणारच. खाणबंदीने काय झाले, म्हादईच्या पाण्याचा वाद काय, घरी कोंकणी बोलता का, असे विचारले आणि उत्तरात समुद्रकिनाऱ्याखेरीज काही नसले, तर निवड तिथेच थांबते. आईच्या गावाशी जाणे-येणे असेल, भाषा कानावर असेल, तर जरूर करा. एका वर्षी एकाच राज्यातून अर्ज करावा आणि नात्याचा कागद आधीच हाताशी ठेवावा.

कागदांबद्दल आणखी एक. अर्जदाराकडे भारतीय पासपोर्ट हवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे पूर्ण नाव आणि आधारवर नुसते आडनाव, अशी तफावत आपल्याकडे घरोघरी असते आणि पासपोर्ट तिथेच अडतो. अर्ज निघायच्या चार-सहा महिने आधी हे दुरुस्त करून घ्या.

फोटो स्टुडिओतून काढायचे की मोबाइल चालेल? पोर्टफोलिओला ४० हजार सांगतात. – एक पालक, लातूर

पहिल्या अर्जासाठी ४० हजार खर्च करू नका. छाननी करणाऱ्याला चेहऱ्याची ठेवण, त्वचा, दात आणि शरीराची प्रमाणबद्धता पाहायची असते. पोर्टफोलिओतले फोटो इतके घासूनपुसून दिलेले असतात की नेमके तेच झाकले जाते.

मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने चार फोटो पुरतात : समोरून चेहरा, एका बाजूने चेहरा, पूर्ण उंचीचा समोरून, पूर्ण उंचीचा बाजूने. सकाळी खिडकीसमोर, दोन-तीन फुटांवर उभे राहा, पाठीमागे मोकळी भिंत असू द्या. ऊन थेट चेहऱ्यावर नको. चेहऱ्याचा फोटो हातभर अंतरावरून काढला तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. फोटो काढणाऱ्याने दीड-दोन मीटर मागे जाऊन २ एक्स झूम लावावा. पूर्ण उंचीच्या फोटोत मोबाइल कमरेच्या पातळीवर आणि सरळ धरावा. डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवून काढला की पाय आखूड दिसतात, आणि पाच फूट सहा इंचाची मुलगीसुद्धा ठेंगणी वाटते. केस मागे बांधलेले, मेकअप नाही, फिल्टर नाही. फोनमधला ‘ब्यूटी मोड’ काही वेळा आपोआप चालू असतो, तो आठवणीने बंद करा.

कपडे साधे, अंगाबरोबर बसणारे, एका रंगाचे. ऑडिशनलाही काळा, गुडघ्यापर्यंतचा, नक्षी नसलेला ड्रेस न्यावा. चमचम कपड्यात खांदा, कंबर आणि पायांची रेषा वाचता येत नाही.

व्हिडिओत मुली हमखास चुकतात ते आवाजात. पंखा बंद करा आणि सतरंजी-पडदे असलेल्या खोलीत बोला, म्हणजे आवाज घुमत नाही. मर्यादा ६० सेकंदांची असेल तर ५० मध्ये संपवा, कारण पुढचे कापले जाते. नाव, गाव, काय करता हे १० सेकंदांत उरका. उरलेल्या वेळात एकच गोष्ट नीट सांगा. ‘मला नृत्य, वाचन, प्रवास आणि समाजसेवा आवडते’ हे वाक्य छाननी करणाऱ्याने त्या सकाळीच कितीदा तरी ऐकलेले असते. तुम्ही सुट्टीत आजोबांच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायला बसत असाल तर तेच सांगा.

चालण्याचा व्हिडिओ मागितला तर नव्या चपला घालू नका. आधी तीन इंची जाड टाचेवर रोज दहा मिनिटे, जमले की चार-पाच इंची टाचेवर. गुडघा वाकलेला राहणे आणि नजर जमिनीकडे जाणे, हे दोन दोष सगळ्यांत आधी दिसतात.

मुलीला इन्स्टाग्रामवर मेसेज आला : ‘तुमची निवड झाली आहे, १८,००० भरा.’ भरावेत का? – एक पालक, जळगाव

भरू नका. ऑडिशनच झाली नाही, तर निवड कशी होईल?

काही खऱ्या स्पर्धांतही नोंदणीशुल्क असते, त्यामुळे शुल्क म्हणजे फसवणूकच असे नाही. पण ते सर्वांना सारखे असते, संकेतस्थळावर आधी छापलेले असते आणि संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते. बनावट आयोजकांचे पैसे मात्र ‘निवड’ झाल्यावर सुरू होतात : आधी ग्रूमिंग, मग त्यांच्याच फोटोग्राफरचा पोर्टफोलिओ, मग ड्रेस, हॉटेल, आणि शेवटी मुकुटाचे. खाते कुणा व्यक्तीच्या नावाचे असते, मुदत ‘आज संध्याकाळपर्यंत’ची असते, आणि पट्टा जवळपास सगळ्यांनाच मिळतो. जुन्या विजेतीसोबतचा आयोजकाचा फोटो हा कसलाच पुरावा नाही. पैसे देऊन मते विकत घ्यायची ‘लोकप्रियता फेरी’ दिसली तरी तिथून निघा.

तपासायचे एवढेच : ही स्पर्धा जिंकल्यावर मुलगी पुढे कुठे जाते, आणि त्या वरच्या स्पर्धेच्या अधिकृत पानावर या आयोजकाचे नाव आहे का. मिस युनिव्हर्स इंडिया या वेगळ्या स्पर्धेत राज्यांचे हक्क वेगवेगळ्या आयोजकांकडे असतात, तिथे ही पडताळणी जास्तच गरजेची. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मी सावळी आहे. खरं सांगा, अर्ज करू का? – एक वाचक, परभणी

करा. नियमांत रंगाची अट कुठेही नाही. पण प्रश्न निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१९ मध्ये अंतिम तीस जणींच्या छायाचित्रांचे पान छापून आले, तेव्हा सगळ्यांचा वर्ण आणि केस जवळजवळ एकसारखे दिसतात अशी टीका देशभर झाली, आणि ती योग्य होती. सावळ्या मुलींनी अर्जच केला नाही तर ते चित्र बदलणार नाही, आणि निवडणाऱ्यांनी नजर बदलली नाही तरीही बदलणार नाही. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे.

मात्र गोरे होण्याचे मलम लावू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. महिनाभर चेहरा उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुम उठतात, आणि मलम थांबवले की सगळे दुपटीने वर येते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. मेकअपमध्येही एक छटा उजळ फाउंडेशन लावले की टीव्हीच्या दिव्यांखाली चेहरा राखाडी आणि मान वेगळी दिसते. फाउंडेशन जबड्याच्या रेषेवर लावून, दिवसाच्या उजेडात जुळवून घ्या.

जाता जाता उपाशी राहण्याबद्दल : जेवण अचानक तोडले तर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. म्हणजे नेमके ऑडिशनच्या वेळी.

इंग्रजी कच्चं आहे. – एक विद्यार्थिनी, चंद्रपूर

मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्सच्या मंचावर दुभाष्याची सोय असते. इथेही अडखळत्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ हिंदी बरी. खरी अडचण भाषेची नसून उत्तराच्या बांधणीची असते. १९९२ च्या मिस युनिव्हर्समध्ये आपली मधू सप्रे अंतिम तिघींत होती. देशाची सत्ता हाती आली तर काय कराल, यावर तिने क्रीडासंकुल उभारण्याचे उत्तर दिले. ती स्वतः खेळाडू होती, उत्तर मनापासूनचे होते. पण खेळाचे मैदानच आधी का, हे जोडणारे वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवे होते. ती तिसरी आली. मत, त्याचे कारण, आपल्या गावातले एक उदाहरण, एवढे ३० सेकंदांत बसवायचा सराव घड्याळ लावून करा. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या.

वय २७, लग्न झालंय. अर्ज करता येईल का? – एक वाचक, पुणे

फेमिना मिस इंडियात नाही. तिथे अविवाहित असणे लागते, आणि वयोमर्यादा १८ ते २५ आहे (२६-२७ वयाच्या मुली फक्त तिसऱ्या क्रमांकासाठी). मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना आणि मातांना प्रवेश दिला, २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढली. तुम्ही मिस युनिव्हर्स इंडियाचा अर्ज पाहा.

राज्यविजेती झाल्यावर करार करावा लागतो म्हणे. त्यात काय पाहावं? – एक पालक, सोलापूर

सही मुलीची असते, कारण ती १८ पूर्ण असते. तरी वकिलाला दाखवल्याशिवाय करू देऊ नका. चार कलमे शोधा : करार किती काळाचा, कामे कुणामार्फत घ्यायची आणि त्यावर कमिशन किती टक्के, छायाचित्रे किती वर्षे व कशासाठी वापरणार, आणि मधेच सोडल्यास भरपाई किती. निकाल आणि कार्यक्रमातल्या गोष्टी गुप्त ठेवण्याचे कलमही असते. अंतिम फेरी आधी चित्रित होऊन टीव्हीवर नंतर दिसू शकते. २०२२ ची फेरी ३ जुलैला मुंबईत झाली आणि ‘कलर्स’वर नंतर दाखवली. आत्या-मावश्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो गेला तरी कलम मोडते.

मुलींची सर्वांत मोठी कुचंबणा मात्र आधीच्या कागदामुळे होते. गावातल्या एखाद्या छोट्या स्पर्धेत हौसेने सही केलेली असते आणि त्यात ‘दोन वर्षे अन्य स्पर्धेत भाग घेणार नाही’ असे एक वाक्य असते. मोठ्या स्पर्धेत अन्य कराराने बांधलेली मुलगी घेत नाहीत. असा कागद घरात असेल तर आधी त्या आयोजकाकडून लेखी ना-हरकत पत्र घ्या, मग अर्ज भरा.