पाप करणं आणि पाप लागणं

सोलापुरातल्या एका ताई चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतात. पालकांसाठीच्या पत्रकात त्यांनी लिहिलं, 'दारूचे व्यसन हे पाप आहे.' फादरांनी त्याखाली रेघ मारली आणि 'शब्द तपासा' एवढंच म्हणाले. ताईंनी मला विचारलंय : चुकलं काय, व्यसन की पाप?

ताई, दोन्ही शब्द ठीक आहेत. शेवटचं 'आहे' तेवढं गडबड करतंय.

व्यसन हा शब्द जुना आणि मोठा लबाड. कौटिल्य अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात, म्हणजे भागात, त्याची फोड देतो : 'व्यस्यति एनं श्रेयसः इति व्यसनम्', माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते. त्या अधिकरणात जुगार-मद्यपान आहेच, पण आग, पूर, रोगराई, दुष्काळही आहे. म्हणजे खोड आणि संकट, दोन्हींना एकच नाव. मराठीत येताना संकटाचा अर्थ गळून पडला. पण क्रियापद बघा, ते विसरलेलं नाही. व्यसन कुणी करत नाही, ते लागतं. 'त्याने पहिला पेग घेतला', पण 'त्याला दारू लागली'. कर्ता होता, तो 'ला' लावून बाजूला बसला.

आता पाप. आपण पाप 'करतो' आणि पाप 'लागतं'सुद्धा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन क्रियापदांत आहे. कॅथलिक चर्चचा १९९२ सालचा धर्मशिक्षण ग्रंथ हाच फरक करतो. त्याचा परिच्छेद २२९० अन्न, मद्य, तंबाखू यांचा अतिरेक टाळायला सांगतो. नशेत स्वतःचा नि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी धरतो. हे झालं 'करणं'. परिच्छेद १७३५ मात्र म्हणतो की अज्ञान, भीती, सवय, मानसिक वा सामाजिक कारणं यांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी उरतही नाही. हे झालं 'लागणं'. पाप प्राणघातक, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकारचं, ठरायला बाब गंभीर हवी, पूर्ण जाण हवी आणि राजीखुशी हवी (परिच्छेद १८५७). हात थरथरतात म्हणून सकाळी सातला बाटली शोधणाऱ्याची राजीखुशी किती, ते तुम्हीच सांगा.

हा मवाळपणा आजचा नव्हे. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवलंय, की पेय किती कडक आहे हे ठाऊक नसताना चढली तर पाप नसूही शकतं. जाणूनबुजून धुंद झालास तर मात्र आहे. आणि नुसतं पिणं? मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, द्राक्षारस असतोच, त्यामुळे 'दारू पिणे पाप' असंही लिहू नका.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, यंत्रमागावर आयुष्य काढलेले. कुणीतरी विचारलं, 'मामा, सोडली म्हणं?' ते म्हणाले, 'सोडली न्हाई बे, सुटली. सोडून धा येळा बघितली.' सोडणं आणि सुटणं यांतलं अंतर मला कुठल्या व्याकरणात इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. तरी रोज संध्याकाळी सातला दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला मामाच जातात, 'सुटली' म्हणून घरी बसत नाहीत.

तेव्हा पत्रकात कृत्यासाठी 'दारूने धुंद होणे' लिहा, आजारासाठी 'मद्यपाश'. पाश म्हणजे फास, शब्द बोलका आहे. दोन्हींच्या मधल्या वाटेसाठी 'दारूच्या आहारी जाणे'. यात 'जाणारा' तोच असतो आणि 'आहार' होणाराही तोच. 'बेवडा' टाळा, तो मुळात दोनदा गाळलेल्या दारूचा शब्द, माणसाच्या अंगाला चिकटला. बायबलच्या मराठी भाषांतरातला 'मद्यपी' (१ करिंथ ६:१०) उद्धृत करायचा असेल तर खाली परिच्छेद १७३५चा आशय जरूर द्या, नाहीतर वाचणारी बाई तेवढीच ओळ नवऱ्याला दाखवेल.

वाक्य असं करून बघा : 'जाणूनबुजून दारूने धुंद होणे हे पाप आहे, मद्यपाशात सापडलेल्याला ते किती लागते, हे देव जाणतो.' फादरांनी पुन्हा रेघ मारली तर कळवा.