६५चं कार्ड पाहिलं, बाकीची पाठव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

गोल्फचा राउंड ६५ फटक्यांत संपवलास, त्या कार्डाचा फोटो मिळाला. सात बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) आणि बोगी (एक जास्त) एकही नाही. घरच्या कोर्सवर का असेना, असा राउंड येताजाता होत नाही. मनापासून शाबासकी. पण खाली ‘आता प्रो होतो, सर’, म्हणजे व्यावसायिक खेळाडू होतो, असं लिहिलं आहेस, त्यावर या एका कार्डावरून मी काय बोलू? त्याच महिन्यातली बाकीची कार्डं कुठे आहेत? ज्या दिवशी ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारलेला चेंडू उजवीकडे पळत होता आणि तीन फुटांचे पट, म्हणजे होलमध्ये ढकलायचे फटके, कडेला लागून बाहेर येत होते, त्या दिवशी किती झाले? मला तो आकडा हवाय.

टूरच्या, म्हणजे प्रोंच्या स्पर्धांच्या मालिकेच्या, सरावाच्या रेंजवर एक सकाळ उभा राहिलास तर गांगरशील. सगळेच सुरेख मारतात. पहिल्या दहातला कोण आणि साठावा कोण, ते स्विंग बघून ओळखता येत नाही. फरक दिसतो तो काही जमत नसलेल्या दिवशी. मुरलेला प्रो तेव्हाही रडतखडत ७२ किंवा ७३ वर आणून ठेवतो. आपली पोरं ७८ वर जातात आणि संध्याकाळी वाऱ्याला दोष देतात. पीजीटीआयवर, म्हणजे आपल्या भारतातल्या प्रो टूरवर, दोन दिवसांनंतर कट लागतो. साधारण पहिले ५० आणि बरोबरीतले पुढे जातात, बाकीचे सामान बांधतात. काल ६७ मारले होते म्हणून कोणी थांबवून घेत नाही.

अनिर्बान लाहिरी जन्माने पुण्याचा, म्हणून तुम्हा पोरांना तो आपला वाटतो. अमेरिकेतल्या २०२२च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथच्या मागे एकाच स्ट्रोकने तो दुसरा आला आणि २१.८ लाख डॉलर घेऊन गेला. तुला तेवढंच आठवतं. तो अमेरिकेच्या पीजीए टूरवर कितीतरी वर्षं खेळला आणि तिथे त्याला एकही विजेतेपद मिळालं नाही, हे तुझ्या लक्षात आहे का? या पेशातली बहुतेक वर्षं अशीच जातात, न जिंकता. टिकून राहणं हेच त्यातलं मोठं काम.

तू अर्जुन अटवालचं उदाहरण देणार, मला माहीत आहे. २०१०मध्ये टूर कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, गेलेलं, सोमवारची पात्रता फेरी खेळून आत आला आणि त्याच रविवारी विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकला. पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. खरंच आहे. पण तेव्हा त्याला प्रो होऊन १५ वर्षं झाली होती. आणि महूच्या मुकेश कुमारांना आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद २०१६मध्ये मिळालं, वयाच्या ५१व्या वर्षी! तू आता विशीत आहेस. घाई कसली?

वाईट दिवस सुधारायचा कसा, हे विचारलं नाहीस, तरी सांगतो. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी कोर्सवर फेअरवेच्या, म्हणजे गवत कापलेल्या पट्ट्याच्या, दोन्ही अंगांना दाट झुडपं आहेत. तिथे कित्येक चांगले प्रो ड्रायव्हर पिशवीतून काढूनच ठेवतात. चेंडू आत गेला की निमूट आडवा बाहेर काढायचा आणि फार तर बोगी घेऊन पुढे जायचं. तुला मात्र दर वेळी झाडांमधून एक फट दिसते. ती बंद कर. सहा महिने ड्रायव्हरवरचा निम्मा वेळ १०० यार्डांच्या आतल्या शॉट्सना दे.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, डोळे उघडे ठेव. बर्म्युडा गवत असेल तर पट मारण्याआधी होलपाशी जाऊन वाकून बघ. एका बाजूची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते, दुसऱ्या बाजूची झिजलेली, पिवळट, टोकं उसवलेली. गवताचा कल त्या उसवलेल्या बाजूला असतो. चेंडू त्या दिशेने जाणार असेल तर पळेल, उलट असेल तर अडखळेल. जुने कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारे मदतनीस, हे तुला न वाकता सांगतील, म्हणून बाहेरगावी शक्यतो तिथलाच कॅडी घे. त्याचे पैसे मात्र राउंड संपल्याबरोबर द्यायचे. कट चुकला तरीही, नव्हे, तेव्हा तर आधी.

आणि कार्डावर सही करण्यापूर्वी प्रत्येक होलचा आकडा बोट ठेवून तपास. अमेरिकेतल्या १९६८च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे व्हिसेन्झो सतराव्या होलवर तीनमध्ये आला, मार्करने, म्हणजे त्याचा स्कोअर लिहिणाऱ्या सहखेळाडूने, चार लिहिले, याने न बघता सही केली. नियमाप्रमाणे चारच धरले गेले आणि बरोबरी सोडवणारा प्लेऑफ हुकला. त्याचा त्या दिवशी ४५वा वाढदिवस होता. सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी निघाला तर याहून वाईट, सरळ बाद.

आता पैशांचं. स्पॉन्सर मिळावा म्हणून प्रो व्हायचं, हे कारण आता उरलेलं नाही. २०२२पासून नियम बदललेत, हौशी खेळाडूलाही प्रायोजक घेता येतो. म्हणजे हौशी राहून, प्रोंच्या मैदानात उतरून स्वतःला अजमावता येतं. क्लबातले दोन-तीन मेंबर मदत करायला तयार आहेत असं म्हणालास. जरूर घे, पण कागदावर घे. किती वर्षं, बक्षिसातला किती वाटा आणि करार कधी संपणार, तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणारा माणूस कितीही गोड असला तरी नको.

आणि हे बाबांचा पीएफ काढण्याचं कोणाच्या डोक्यातून आलं? एका सीझनमध्ये प्रवास, हॉटेल, एंट्री फी, कॅडी, चेंडू यांवर तो कापरासारखा उडेल, आणि मग तू प्रत्येक पट बाबांच्या निवृत्तीसाठी मारशील. तसा पट बसत नाही. अर्ज अजून दिला नसेल तर थांबायला सांग. मी शनिवारी रात्री नऊनंतर त्यांना फोन करतो. त्या वेळी तू घराबाहेर गेलास तर बरं.

तुझा,
सर