पिचर दिला, पोरगं घेतलं : बेसबॉलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अ‍ॅथलेटिक्स या अमेरिकी बेसबॉल संघावर छोटं टिपण आलं होतं. २०२४ नंतर ओकलंड सोडलेला, सध्या वेस्ट सॅक्रमेंटोत बिऱ्हाड मांडून बसलेला आणि २०२८ साली लास व्हेगासच्या छताखालच्या नव्या मैदानात जायचं म्हणणारा हा संघ. त्यावर मराठवाड्यातून आलेले हे काही प्रश्न.

प्र. ३१ जुलै २०२५ ला अ‍ॅथलेटिक्सनं मेसन मिलर सॅन डिएगोच्या संघाला देऊन टाकला. ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू टाकणारा पिचर कुणी हातचा सोडतं का? बदल्यात काय, तर अठरा वर्षांचं पोरगं. हिशेब डोक्यात बसंना. (लातूर)

ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, तोलायची असतात ती वर्षं. आपल्याकडं सालगड्याचा करार पाडव्याला सुटतो. बेसबॉलपटू मात्र मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग) सहा वर्षं भरेपर्यंत संघाच्या ताब्यात असतो. वर्ष म्हणजे रोस्टरवरचे (संघाच्या खेळत्या यादीतले) १७२ दिवस. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात (२०२५ मध्ये ही किमान रक्कम ७ लाख ६० हजार डॉलर होती), पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीनं चढत जातो, आणि मग गडी मोकळा. मिलरचा ताबा २०२९ अखेरपर्यंत आहे. म्हणजे सॅन डिएगोनं विकत घेतले ते २०२५ चे उरलेले दोन महिने आणि पुढचे चार हंगाम.

आता देणाऱ्याच्या बाजूनं बघा. मिलर क्लोजर. आघाडी असेल तर शेवटची एक इनिंग टाकायची, हंगामात साऱ्या मिळून साठ-सत्तर. संघ हरतच असेल तर राखायला आघाडीच नाही, मग राखणदार ठेवून काय करायचं? त्यात २०२३ मध्ये कोपराच्या दुखण्यानं त्याचे बरेच महिने वाया गेले होते. वेगवान पिचरचा हात हे नाशवंत पीक आहे, भाव असताना विकलेलं बरं.

बदल्यात आला लिओ डे व्ह्रीस, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), जन्म ऑक्टोबर २००६. व्हेगासचं मैदान ठरल्याप्रमाणे २०२८ च्या वसंतात उघडलं तर तो तेव्हा २१ वर्षांचा असेल, आणि त्याची सहा वर्षं मोठ्या लीगमध्ये पाऊल टाकल्यावरच मोजायला लागतील. सोबत ब्रेडन नेट, हेन्री बाएझ आणि एदुआर्नियेल नुन्येझ असे तीन पिचरही मिळाले. म्हणून सौदा पटतो. खटकतं ते एवढंच, की मिलरसोबत जेपी सीअर्स हा डावखुरा स्टार्टरही (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) गेला. ज्या संघाची पिचिंग आधीच लंगडी, त्यानं नेहमी लागणारा स्टार्टर वर घालून द्यावा, ही घासाघीस थोडी कमी पडली.

अशा सौद्याचा निकाल लागायला वेळ लागतो. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटनं अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर घेतला. त्यानं ११ सामन्यांत ९ विजय मिळवले, पराभव एकही नाही, आणि डेट्रॉइटनं विभाग जिंकला. त्या वर्षी डेट्रॉइटची बाजी सरस वाटत होती. बदल्यात दिलेला मायनर लीगमधला (मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा) पोरगा जॉन स्मोल्ट्झ होता. तो २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, गेला.

प्र. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. तिथं लागते का? पगार कोण देतो? (अंबाजोगाई)

सहसा लागत नाही. फोन येतो आणि बॅग भरायची. अपवाद दोन. करारातच ‘ट्रेड नाही’ असं कलम लिहून घेतलेलं असेल तर नकार देता येतो. नाहीतर मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं झालेली हवीत, आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच संघात. करार जसाच्या तसा नव्या मालकाकडं जातो. जुना संघ कधी पगाराचा काही भाग स्वतः भरतो, म्हणजे बदल्यात पोरं जरा चांगली मिळतात.

सौदा जाहीर झाला तरी वैद्यकीय तपासणी व्हायची असते. एमआरआयमध्ये खांदा किंवा कोपर संशयास्पद दिसला की सौदा मोडतो किंवा नव्यानं बोलणी होतात. शिवाय संघाच्या ४० जणांच्या यादीत जागा लागते. यादी भरलेली असेल आणि आलेला खेळाडू त्यात घालावा लागणार असेल, तर कुणाला तरी काढणं आलं. बातमीत हे शेवटच्या ओळीत असतं, पण वाचताना तिथूनच सुरुवात करावी.

ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) निवड, काही विशिष्ट जादा निवडी सोडल्या तर, विकता येत नाही. ‘नंतर नाव सांगू’ अशा बोलीवर मात्र खेळाडू देता येतो, मुदत सहा महिने. १९६२ मध्ये क्लीव्हलंडनं हॅरी चिटी हा कॅचर न्यूयॉर्क मेट्सला याच बोलीवर दिला, आणि नंतर जे नाव सांगितलं गेलं ते हॅरी चिटीचंच. स्वतःच्याच बदल्यात परत आला बिचारा.

प्र. प्रॉस्पेक्टच्या (होतकरू पोरांच्या) यादीत ‘हिट ५५, पॉवर ६०, रन ५०’ असं असतं. शंभरपैकी ६० म्हणजे जेमतेम फर्स्ट क्लास ना? आणि कुठलं पोरगं पुढं चमकणार हे घरबसल्या ओळखायचं कसं? (परभणी)

शंभरपैकी नाही. ही मोजपट्टी २० ते ८० अशी आहे. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू, आणि दर दहा गुण म्हणजे सरासरीपासून एक पायरी लांब. ६० म्हणजे स्पष्टपणे सरासरीच्या वर, ७० विरळा, ८० तर फारच क्वचित. फलंदाजाच्या पाच गोष्टी मोजतात: चेंडूला बॅट लावणं, ताकद, धावणं, हात, क्षेत्ररक्षण. त्यातला ‘हिट’ हा आकडा सगळ्यात फसवा. धावणं घड्याळावर मोजता येतं, हाताचा वेग रडारवर. पण २१ वर्षांचा पोरगा उद्या मोठ्या लीगच्या स्लायडरला (ऐनवेळी बाजूला वळणाऱ्या वेगवान चेंडूला) बॅट लावेल का, हा अंदाजच असतो. यादीतली बरीचशी नावं तिथंच गळतात.

हाळीच्या जनावरांच्या बाजारात गोऱ्हा बघणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मग खांदा, मग चाल. प्रॉस्पेक्टचंही आधी वय बघा आणि ते कुठल्या पायरीवर आहे ते बघा. रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत. डबल-एमध्ये बहुतेक पोरं २२-२४ वर्षांची असतात. डे व्ह्रीस अठराव्या वर्षी, ट्रेड झाल्यावर त्याच हंगामात, मिडलंडच्या डबल-ए संघात खेळला. आकडे मध्यम असते तरी ही गोष्ट मोठी ठरली असती. उलट २५ वर्षांचा गडी हाय-एमध्ये ३० होम रन (आपल्या षटकारासारखे) मारत असेल तर हुरळून जाऊ नका, तो लेकरांत खेळतोय.

दुसरी गोष्ट, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला फर्स्ट बेस). फलंदाजीच्या सरासरीपेक्षा हे दोन आकडे लवकर स्थिरावतात. दर चार वेळांत एकदापेक्षा जास्त स्ट्राइकआउट होणारा आणि वॉक क्वचित घेणारा फलंदाज ट्रिपल-एपर्यंत ताकदीवर तरून जातो, वर गेला की पिचर त्याला बाहेरचे चेंडू टाकत राहतात.

तिसरी गोष्ट मैदानाची. पॅसिफिक कोस्ट लीगमधली बरीच गावं उंचावर आहेत. अल्बुकर्क तर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या आसपास. हवा विरळ, चेंडू लांब जातो, कर्व्हबॉल कमी वळतो. अ‍ॅथलेटिक्सचा ट्रिपल-ए संघ याच लीगमध्ये, लास व्हेगासमध्येच खेळतो. तिथला फलंदाज पाच गुण उतरवून वाचावा, तिथल्या पिचरला थोडी माफी द्यावी.

पिचरच्या बाबतीत मात्र कुठलीच खूण खात्रीची नाही. कोपराचा अस्थिबंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि परत यायला १२ ते १८ महिने. म्हणून ट्रेडमध्ये दोन सारख्या दर्जाची पोरं समोर असतील तर शहाणा संघ फलंदाज घेतो.

सगळेच इतका वेळ घेत नाहीत. निक कर्ट्झ २०२४ च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला, एप्रिल २०२५ मध्ये वर आला, २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये एका सामन्यात चार होम रन मारले आणि लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण अशी मोजकीच.

प्र. व्हेगासच्या मैदानाचं छत उघडणारं का नाही? इतका पैसा घालून कायमचं झाकून टाकायचं म्हणजे मैदान की मंगल कार्यालय? (छत्रपती संभाजीनगर)

कार्यालयाची उपमा अगदीच चुकीची नाही. आधी कारणं. जागा नऊ एकर आहे, जुन्या ट्रॉपिकाना हॉटेलची. सरकतं छत उघडल्यावर ते ठेवायला मैदानाच्या बाजूला जागा लागते. सिअ‍ॅटलमध्ये ते शेजारच्या रेल्वे रुळांवर जाऊन उभं राहतं. व्हेगासच्या त्या तुकड्यात तेवढी जागाच नाही. शिवाय रूळ, मोटारी, चाकं यांचा खर्च आणि देखभाल वेगळी. आणि उन्हाळा! ७ जुलै २०२४ ला लास व्हेगासमध्ये ४८.९ अंश नोंदले गेले. आपल्याकडच्या मे महिन्यात ४३ अंशांना कुणी उघड्यावर तीन तास बसेल का? मग छत उघडायचं कधी?

सध्या मेजर लीगमध्ये सरकत्या छताची सात मैदानं आहेत: टोरोंटो, फीनिक्स, सिअ‍ॅटल, ह्यूस्टन, मिलवॉकी, मायामी आणि आर्लिंग्टन. पक्क्या छताचं एकच, फ्लोरिडातलं ट्रॉपिकाना फील्ड. सिअ‍ॅटलचं छत तर नुसती छत्री, बाजू उघड्याच.

पक्क्या छताचे त्रास जुने आहेत. ह्यूस्टनचा अ‍ॅस्ट्रोडोम १९६५ मध्ये उघडला. पारदर्शक तक्त्यांतून येणाऱ्या झळाळीत क्षेत्ररक्षकांना उंच चेंडूच दिसेना. म्हणून तक्ते रंगवले. ऊन थांबलं, गवत मेलं, आणि १९६६ मध्ये कृत्रिम गवत आलं. मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये पांढऱ्या छतात पांढरा चेंडू हरवायचा, आणि हवेच्या दाबानं फुगवलेलं ते छत डिसेंबर २०१० मध्ये बर्फाच्या ओझ्यानं फाटून खाली आलं. ट्रॉपिकाना फील्डमध्ये छताखाली कड्यांसारखे गोल गेलेले अरुंद पूल इतके खाली आहेत की सर्वांत खालच्या दोन कड्यांना चेंडू फेअर हद्दीत (दोन फाउल रेषांच्या आत) लागला तर होम रन, असा तिथला खास नियम आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन चक्रीवादळानं त्याच मैदानाचं कापडी छत फाडलं, आणि २०२५ चा हंगाम टँपा बे रेजला टँपाच्या स्टाइनब्रेनर फील्डवर उघड्यावर काढावा लागला. योगायोग असा, की व्हेगासचं ट्रॉपिकाना हॉटेल सुरुंग लावून पाडलं तेही ९ ऑक्टोबर २०२४ लाच.

नव्या आराखड्यात हे धडे दिसतात. छत एकावर एक आलेल्या पाच कवचांचं आहे, पताकांसारखं. मधल्या फटींतून उत्तरेकडचा उजेड आत येतो, थेट ऊन येत नाही. त्यामुळे झळाळीही नाही आणि एसीवरचा भारही कमी. आसनं सुमारे ३३ हजार. नेवाडा राज्याच्या जून २०२३ च्या कायद्यानं यात ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा घालायला मंजुरी दिली. त्यावर तिथं वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

खेळावर परिणाम? तापलेल्या हवेत चेंडू लांब जातो, एसीत थोडा आखूड. वाळवंटात कोरडा पडलेला चेंडू बॅटवरून जास्त उसळतो, म्हणून चेंडू ठराविक आर्द्रतेच्या पेटीत ठेवतात. ही सोय डेन्व्हरनं २००२ मध्ये केली, फीनिक्सनं २०१८ मध्ये, आणि २०२२ पासून सगळ्या ३० मैदानांवर आहे. व्हेगास पिचरांची स्मशानभूमी होईल असं म्हणणारे छत आणि पेटी दोन्ही विसरतात. त्याआधीचे हंगाम मात्र सॅक्रमेंटोच्या उघड्या उन्हात आहेत. तिथं कृत्रिम गवत घालायचा बेत होता, पण उन्हात ते फार तापतं म्हणून खरं गवतच ठेवलं.

प्र. सामने आपल्या वेळेनुसार कधी बघायचे? (नांदेड)

हंगामात न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवा. तिथला संध्याकाळी ७.०५ चा सामना म्हणजे आपल्याकडं पहाटे ४.३५. कॅलिफोर्निया, नेवाडाचा ७.०५ चा सामना सकाळी ७.३५ ला, चहासोबत. न्यूयॉर्कच्या दुपारचे १.०५ चे सामने रात्री १०.३५ ला. ट्रेडची मुदत न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ६ ला संपली की इथं दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे ३.३० वाजलेले असतात. जागू नका, सौदे सकाळी वाचले तरी तेच असतात.

प्र. छताचं मैदान आमच्या नशिबी नाही. शाळेच्या मैदानावर डायमंड (चार बेसांचा चौकोन) नीट आखायचा आहे. फूट-पट्टी सांगा. (हिंगोली)

पन्नास मीटरच्या दोन टेप, दोन माणसं, खुंट्या, फक्की. आधी होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो तिथल्या पट्टीच्या) मागच्या टोकाला खुंटी ठोका. तिथून सेकंड बेसच्या दिशेनं १२७ फूट ३ ३/८ इंच (३८.८० मीटर) मोजा. मग होमवरून ९० फूट (२७.४३ मीटर) आणि सेकंडवरून ९० फूट अशा दोन टेप ताणा. त्या उजवीकडं जिथं जुळतात तो फर्स्ट, डावीकडं थर्ड. लहान लेकरांसाठी बाजू ६० फूट, कर्ण ८४ फूट १० इंच.

इथं दोन चुका हमखास होतात. पिचरची पट्टी डायमंडच्या बरोबर मध्यावर ठोकतात. मोठ्या मैदानात ती मध्यापेक्षा तीन फूट होमकडं असते, होमच्या मागच्या टोकापासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत ६० फूट ६ इंच (लहानांना ४६ फूट, म्हणजे मध्याच्या मागं). दुसरी चूक बेसच्या जागेची. फर्स्ट आणि थर्डच्या गाद्या चौकोनाच्या आत बसवायच्या, रेषेबाहेर नाही. सेकंडच्या गादीचा मात्र मध्य खुंटीवर यायला हवा.

दिशा ठरवताना होमकडून सेकंडकडची रेषा पूर्व-ईशान्येला ठेवा, नियमपुस्तकातही हेच सुचवलंय. चारच्या उन्हात फलंदाजाच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही.

पिचरचा उंचवटा १० इंच. पट्टीच्या सहा इंच पुढून दर फुटाला एक इंच उतार. तो निव्वळ काळ्या मातीचा करू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पिचरचा पुढचा पाय नेमका भेगेत जातो. मुरमाचा थर, वर लाल माती, पाणी मारून धुम्मसानं ठोका, आणि खेळ संपला की ओलं पोतं टाकून ठेवा.