रेषेआधी चेहरा

अनेक आशीर्वाद.

सेफॅलोग्रामचं ट्रेसिंग, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर बिंदू-रेषा आखणं, आता तुझ्या हातात बसू लागलंय, म्हणून हे आत्ताच लिहितो.

बाजूने चेहरा पाहिला की आपली, दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, नजर थेट ओठ आणि हनुवटीवर जाते. पेशंटचं तसं नसतं. तो आरशात स्वतःला रोज समोरून पाहतो. हनुवटी दोन मिलिमीटर मागे असली तर तुला ते लगेच खटकेल, त्याला कदाचित जाणवणारही नाही. उलट नाकावरचा उंचवटा त्याला वर्षानुवर्षं खुपत असेल.

आपल्याच क्षेत्रातल्या रिकेट्स यांची ई-लाइन, बाजूने ओठ पुढे की मागे ते पाहायची रेषा, सगळ्यांना पाठ असते: नाकाचं टोक ते हनुवटीचा सर्वांत पुढचा बिंदू; वरचा ओठ तिच्या सुमारे 4 मिलिमीटर मागे, खालचा 2. हे आकडे गौरवर्णीय प्रौढांचे, हे विसरू नको. शिवाय या रेषेचं एकही टोक ओठावर नाही. हनुवटीच मागे असेल तर रेषा मागे कलते आणि चांगले ओठ पुढे आल्यासारखे दिसतात. मग चार प्रीमोलर (सुळ्यांमागच्या छोट्या दाढा) काढून पुढचे दात आत ओढले, की वरचा ओठ सपाट होतो, नाक-ओठांमधला कोन उघडतो, नाक मोठं भासतं. हनुवटी मात्र होती तिथेच! चूक हनुवटीची आणि शिक्षा ओठांना. चौदा-पंधराव्या वर्षी तर नाक आणि हनुवटी अजून वाढत असतात, त्यामुळे ओठ वयानुसार रेषेच्या मागेच पडत जातात. तिथे घाई नकोच. पेक बंधूंनी, तेही आपल्याच क्षेत्रातले, 1970 मध्ये मॉडेल आणि सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्यांचे चेहरे मोजले, तेव्हा लोकांना आवडणारे चेहरे आपल्या मापदंडांपेक्षा जास्त भरलेले, म्हणजे ओठ जरा पुढे असलेले, निघाले.

फोटोत खूप चुका होतात. पेशंटला चार पावलं चालायला लाव, मग समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत पाहू दे. दाढा टेकलेल्या, ओठ सैल. ‘तोंड मीट’ म्हणू नको. ओठ ओढून मिटले की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उमटतात. डोकं 5 अंश मागे कललं, तर कानाच्या 10 सेंटिमीटर खाली असलेली हनुवटी जवळजवळ 9 मिलिमीटर पुढे येते. ई-लाइनला हे कळत नाही, कारण सगळे बिंदू एकत्रच फिरतात. डोळा फसतो.

प्रबंधासाठी लोकांची मतं घ्यायची असतील तर काळ्या छायाकृती वापर, म्हणजे केस आणि त्वचेचा प्रभाव राहत नाही. दर चित्रात फक्त हनुवटी 2 मिलिमीटर सरकव. क्रम विस्कटून दाखव आणि दोन-तीन चित्रं पुन्हा घुसव. तोच माणूस तेच गुण देतो का, ते कळेल. ‘कसा दिसतो?’ आणि ‘हा चेहरा तुमचा असता तर उपचार घेतला असता का?’ हे प्रश्न वेगळे ठेव. पहिल्यात कमी गुण देणारा दुसऱ्याला सरळ ‘नाही’ म्हणू शकतो.

आणि ट्रेसिंग उघडण्याआधी पेशंटच्या हाती दोन आरसे दे, म्हणजे त्याला स्वतःची बाजू दिसेल. तू काही सुचवू नको. त्याचं बोट कुठे जातं ते पाहा आणि केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिही.