गाजराची प्रश्नोत्तरे: ट्रेमधली रोपं नको, बी पेरा

गाजराबद्दल तेच तेच प्रश्न परत परत येतायत, म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेतलेत.

प्रश्न: बी पेरून आठ दिवस झाले, काहीच उगवलं नाही. वाफा मोडू का?

नको. गाजराला एक ते तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस फक्त वरची माती सुकू देऊ नका.

प्रश्न: नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणून लावली. प्रत्येक गाजराला दोन-तीन फाटे फुटलेत. दुकानदार मुळांचं टॉनिक घ्या म्हणतो. कोणतं घेऊ?

कोणतंच नाही! आधी रोपं विकायची आणि मग बिघडलं की टॉनिक विकायचं, हा प्रकार बघून खरंच चीड येते. अहो, गाजर म्हणजे त्या झाडाचं सोटमूळ. वर जेमतेम दोन पानं दिसत असतात तोवर ते खाली बरंच खोल गेलेलं असतं, ट्रेच्या तळाला टेकलं की वळतं, रोप काढताना टोक तुटतं, आणि टोक तुटलं की बाजूची मुळं जाड व्हायला लागतात, तेच तुमचे फाटे. परवा एकजण असंच गाजर घेऊन आले, उभं चिरलं तर मधला पिवळसर गाभा ट्रेच्या खोलीइतका सरळ आणि तिथून काटकोनात वळलेला. नंतर काहीही ओता, ते सरळ होणार नाही. बी थेट जागेवरच पेरायचं आणि रोपं बोटभर झाली की विरळणी करून दोघांत साधारण ५ सेंटीमीटर अंतर ठेवायचं. उपटायला जीव होत नाही म्हणून लोक विरळणी पुढे ढकलतात आणि मग सगळीच गाजरं एकमेकांत अडकून बारीक राहतात. खडे, घट्ट जमीन, कच्चं शेणखत यानेही फाटे फुटतात. मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे धाग्यासारखे अगदी बारीक किडे, असू शकतात, तेव्हा मनाने औषध टाकू नका, मुळासकट रोप आणि थोडी माती कृषी तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: गाजराचा वरचा भाग हिरवा झालाय. हिरव्या बटाट्यासारखं विषारी का?

नाही. ऊन लागून हिरवं झालंय, कडवट लागलं तर तेवढं कापून टाका आणि पुढच्या वेळी मातीची भर द्या.

प्रश्न: रोज दोन ग्लास ज्यूस पितो, चष्मा जाईल असं ऐकलंय. आता तळहात पिवळे दिसतायत.

चष्मा जाणार नाही. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, ते कमी असेल तर रात्री दिसायला त्रास होतो, तेवढ्यापुरता गाजराचा उपयोग. बाकी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनीच पसरवलं होतं की आमचे वैमानिक गाजरं खाऊन अंधारात बघतात, खरं काम विमानातल्या रडारचं होतं. तळहात बहुतेक कॅरोटीननेच पिवळे झालेत, ज्यूस कमी केला की हळूहळू जाईल. पण आरशात डोळे बघा. डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पिवळा असेल तर ती कावीळ असू शकते, आजच्या आज डॉक्टरकडे जा. डोळे पांढरे असले तरी एकदा दाखवून घ्याच.

प्रश्न: फ्रिजमध्ये गाजरं मऊ आणि कडू होतात.

पाला पाणी ओढून घेतो, आणल्या आणल्या कापा. आणि सफरचंदांशेजारी ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होतं.